छडीवाचून शाळा

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात चारठाणा हे एक प्राचीन गाव आहे. तेथील दगडी मंदिरे आणि त्यांवरील कोरीव काम यांमुळे ते प्रसिद्ध आहे. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे याही गावात तीन-चार वर्षांची बालके सकाळी अंगणवाडीत जातात. तेथे ती गाणी म्हणतात, गोष्टी ऐकतात, खडे आणि मणी मांडून खेळतात. लहान मुलाने आनंदाने शाळेची वाट धरावी, यात आज कोणाला नवल वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी हे नवलच होते. त्या काळी मुलाला पहिल्यांदा शाळेत घालावयाचे म्हणजे त्याला उचलून, ओढून, प्रसंगी दोघातिघांनी धरून न्यावे लागे. शाळेची ही भीती मुलांच्या मनातून काढून टाकण्यासाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्यांत ताराबाई मोडक यांचे नाव अग्रभागी आहे. घरोघरी माहीत झालेला अंगणवाडी हा शब्दही त्यांच्याच कार्यातून आला.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते होते. मुलींना शिकवावे की नाही, याविषयी घरोघर वाद चालण्याचा तो काळ होता. केळकरांच्या घरी मात्र सुधारणेचे वारे वाहत होते. ताराबाईंनी मन लावून अभ्यास केला आणि १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ही पदवी मिळवली. पदवीधर स्त्रिया त्या वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पण संसार सुखाचा झाला नाही आणि १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. पदरी लहान कन्या होती. त्या काळी असा प्रसंग आलेली स्त्री बहुधा माहेरच्या आधाराने दिवस काढी. ताराबाईंनी तसे केले नाही. राजकोट येथे शिक्षिका तयार करणारे बार्टन महाविद्यालय होते. तेथील प्राचार्यपद त्यांनी स्वीकारले आणि परप्रांतात, परक्या भाषेच्या प्रदेशात आपला संसार नव्याने मांडला.

शिक्षिकांना शिकवीत असताना त्या काळच्या शाळा कशा चालतात, याचा विचार त्यांच्या मनात सतत चाले. छडीवाचून विद्या येत नाही, असा त्या वेळी सर्वांचा दृढ समज होता. पाढा चुकला की तळहातावर छडी बसे. उशीर झाला की ओणवे उभे राहावे लागे, अंगठे धरावे लागत, उठाबशा काढाव्या लागत. मुलांना मारणारे सगळेच शिक्षक निर्दय होते, असे मात्र नाही. त्यांपैकी पुष्कळांना मुलांचे भलेच व्हावे असे वाटे. त्यांनाही लहानपणी त्यांच्या गुरुजींनी असेच शिकवले होते; म्हणून शिक्षण असेच असते, अशी त्यांची समजूत झाली होती.

या शिक्षेचा परिणाम काय होई? पाढा चुकलेल्या मुलाला छडी बसली, म्हणजे त्याने पाढा शिकावा, अशी गुरुजींची अपेक्षा असे. प्रत्यक्षात मूल वेगळेच धडे घेई. गुरुजींची नजर चुकवावी कशी, पाढा येत नसला तरी ओठ हलवावे कसे, पोट दुखत असल्याचे सोंग करावे कसे, शाळेच्या वेळी देवळामागे लपून बसावे कसे, हे ते फार लवकर शिके. छडीची वेदना घटकाभरात विरून जाई. परंतु छडी, गुरुजी, पाटी, पुस्तक आणि शाळेची वास्तू यांची मनात जी सांगड बसे, ती वर्षानुवर्षे सुटत नसे. पुष्कळ मुलांनी शाळा कायमची सोडली, ती बुद्धी नव्हती म्हणून नव्हे, तर भीती होती म्हणून.

अप्रिय अनुभवातून शिकणे हा प्राणिमात्राचा स्वभावच आहे. विस्तवाला एकदा हात लागला की मूल पुन्हा विस्तवाजवळ जात नाही. ज्या वाटेवर काटा बोचला, त्या वाटेने जाताना पाऊल आपोआप जपून पडते. निसर्गाने ही सोय केली नसती, तर जीव जगलेच नसते. परंतु या सोयीला एक मर्यादा आहे. भ्यालेले मन नेमकेपणाने विचार करीत नाही. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. ताक थंड आहे हे डोळ्यांना दिसत असते. तरी ते दुधासारखे पांढरे आहे, एवढ्यानेच मन कचरते. शाळेत मार खाल्लेले मूल पुढे गोष्टीचे पुस्तक पाहूनही दूर सरते, याचे कारण हेच आहे.

राजकोटला असताना गिजुभाई बधेका यांच्या कार्याची माहिती ताराबाईंना झाली. गिजुभाई मूळचे वकील. आपल्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता त्यांनी वकिली सोडली आणि भावनगरच्या दक्षिणामूर्ती या संस्थेत ते दाखल झाले. तेथे १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर उघडले. इटली देशातील डॉक्टर मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह काढले होते. मुलाला आवडीचे व हाताजोगे काम मिळाले, तर शिक्षेचीही गरज राहत नाही आणि बक्षिसाचीही राहत नाही, असे त्यांना तेथे आढळून आले. गिजुभाईंनी हे विचार आपल्या मातीत रुजवले. मुले त्यांना प्रेमाने मिशाळ आई म्हणत. ताराबाई १९२३ मध्ये प्राचार्यपदाचा मान आणि वेतन सोडून भावनगरला गेल्या व बालमंदिरात मुलांसमवेत जमिनीवर बसून काम करू लागल्या.

भावनगरच्या बालमंदिरात जे अनुभवास येत होते, त्याचाच शोध त्या सुमारास दूर अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेगळ्या रीतीने घेत होते. जॉन वॉटसन आणि त्यांच्या सहकारी रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये एका प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. अल्बर्ट या नावाने ओळखले गेलेले सुमारे अकरा महिन्यांचे एक बालक पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नसे. त्याने उंदराला हात लावला की त्याच्या पाठीमागे लोखंडी कांबीवर हातोडा मारून मोठा आवाज करण्यात येई. असे काही वेळा घडताच ते बालक नुसता उंदीर पाहूनही रडू लागले. पुढे ससा आणि केसाळ कोट पाहूनही ते घाबरू लागले. दूध आणि ताक यांची म्हण प्रयोगशाळेतही खरी ठरली. अजाण बालकाला मुद्दाम घाबरवणारा असा प्रयोग आज कोणी करू शकणार नाही, कारण तो अन्यायाचा आहे. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. भीती ही पुष्कळदा जन्मतः नसते. ती शिकवली जाते.

जे शिकता येते, ते विसरताही येते काय? याचे उत्तर मेरी कव्हर जोन्स या विदुषीने १९२४ मध्ये दिले. पीटर नावाचा सुमारे तीन वर्षांचा मुलगा सशाला फार भीत असे. त्याची भीती घालवण्यासाठी जोन्सबाईंनी त्याला रागावले नाही, की ससा बळेच त्याच्या अंगावर सोडला नाही. पीटर आवडीचा खाऊ खात बसला असताना पिंजऱ्यातला ससा खोलीच्या दूरच्या कोपऱ्यात ठेवीत. त्याची सवय झाली की पिंजरा थोडा जवळ आणीत. न भिणारी इतर मुलेही त्याच्याजवळ खेळत असत. असे करता करता एक दिवस पीटरने सशाच्या अंगावरून स्वतः हात फिरवला. भीतीच्या जागी हळूहळू सुख येऊन बसले, तेव्हाच भीती गेली. एडवर्ड थॉर्नडाइक या दुसऱ्या शास्त्रज्ञाने प्रथम असे मानले होते, की सुखद परिणामाने सवय जशी पक्की होते, तशीच दुःखद परिणामाने ती सुटते. पुढील प्रयोगांनंतर, १९३२ च्या सुमारास, त्याने आपले मत बदलले. बक्षिसाने योग्य वर्तन जितके दृढ होते, तितके शिक्षेने अयोग्य वर्तन सुटत नाही, असे त्याला दिसून आले.

प्रयोगशाळेत हे सिद्ध होत असताना ताराबाई तेच तत्त्व शाळेत आचरीत होत्या. १९२६ मध्ये गिजुभाई आणि ताराबाई यांच्या प्रयत्नाने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षणपत्रिका या मासिकातून ताराबाई आईबापांना बालमनाची ओळख करून देऊ लागल्या. मूल हट्ट का करते, खोटे का बोलते, त्याला शिस्त कशी लावावी, असे विषय त्या सोप्या भाषेत मांडीत. शिस्त याचा अर्थ मुलाने वाटेल ते करावे असा नव्हता आणि धाकाने गप्प बसावे असाही नव्हता. पाणी सांडले तर ते मुलानेच पुसावे. खेळणी पसरली तर ती मुलानेच जागच्या जागी ठेवावी. चुकीचा परिणाम त्याला कळावा, परंतु त्याचा अपमान होऊ नये, असा त्यांचा कटाक्ष असे. असे मूल चूक लपवीत नाही, कारण चूक सांगितल्याने मार बसत नाही, हे त्याला अनुभवाने माहीत झालेले असते.

१९३६ मध्ये मुंबईत दादर येथे ताराबाईंनी शिशुविहार सुरू केले. सुशिक्षित पालकांनी आपली मुले तेथे पाठवली आणि संस्थेचा लौकिक वाढला. इतक्यावर संतोष मानून त्यांना उरलेले आयुष्य सुखाने घालवता आले असते. पण एक विचार त्यांना स्वस्थ बसू देईना. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत आणि पोटभर अन्न आहे, अशाच मुलांना ही शाळा मिळत होती. मॉन्टेसरी पद्धतीची साधने महाग होती. ती खेड्याला परवडण्याजोगी नव्हती. देशातील बहुसंख्य बालके खेड्यांत, वाड्यांत आणि पाड्यांवर राहतात. त्यांच्यापर्यंत जे शिक्षण पोहोचत नाही, ते देशाचे शिक्षण कसले, असे त्यांना वाटे.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई मुंबई सोडून बोर्डी या समुद्रकाठच्या गावी गेल्या. हे गाव डहाणू तालुक्यात, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात आहे. तेथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्यांना सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी हिमतीने शिक्षण घेऊन शिक्षिकेचा व्यवसाय पत्करला होता. बालवाडी तर उघडली. परंतु ज्या दलित आणि आदिवासी मुलांसाठी ती होती, ती मुलेच तेथे फिरकेनात.

याचे कारण शोधण्यासाठी दूर जावे लागले नाही. त्या भागातील वारली लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सावकार, जमीनदार आणि जंगलाचे ठेकेदार यांचा जाच सोसला होता. मोबदल्यावाचून वेठीला राबावे लागे. नाही म्हटले तर मार बसे. त्याच १९४५ मध्ये वारल्यांनी या वेठबिगारीविरुद्ध मोठा लढा उभारला होता. स्वच्छ कपडे घातलेला परका मनुष्य पाड्यावर आला, की काहीतरी संकट आले, असेच त्यांचा अनुभव त्यांना सांगे. थोरांची ही भीती पोरांनीही उचलली होती. त्यांनी शाळा कधी पाहिलीही नव्हती. तरी शाळेतून आलेली बाई ही परकी होती आणि परक्यापासून दूर राहावे, हे ती शिकली होती. दलित वस्तीतील मुलांच्या वाट्याला तर शिवाशिवीचा अपमान जन्मापासून आलेला होता. आपल्याला दूर लोटणाऱ्या गावात आपण होऊन पाऊल कोण टाकणार?

मुलांना पकडून आणले असते, तर भीती दुप्पट झाली असती. ताराबाईंनी निराळा मार्ग धरला. मूल शाळेकडे येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका वस्तीवर जाऊ लागल्या आणि एखाद्या झोपडीपुढच्या अंगणातच शाळा भरू लागली. हीच ती अंगणवाडी. येथे मुलाच्या डोळ्यांपुढे त्याचे घर असे, आई हाकेच्या अंतरावर असे. गाणे, गोष्ट आणि खेळ यांनी सुरुवात होई. शिक्षिका मुलांना न्हाऊमाखू घालीत, नखे कापीत, केस विंचरीत. ज्या मुलांना लोक शिवत नसत, त्यांना कोणी तरी मायेने जवळ घेत होते. परका मनुष्य आला की दुःख येते, हा जुना अनुभव पुसून टाकील असा नवा अनुभव रोज थोडाथोडा मिळू लागला. पीटरच्या सशाप्रमाणे शाळा हळूहळू जवळ आणली गेली. फरक इतकाच, की येथे एकट्या मुलाची नव्हे, तर संपूर्ण वस्तीची भीती घालवावयाची होती.

महागड्या साधनांचाही प्रश्न याच वाटेने सुटला. समुद्रकाठचे शिंपले, नदीतील गोटे, झाडांच्या बिया, पाने आणि माती ही मुलांच्या रोजच्या ओळखीची वस्तू होती. त्यांतूनच मोजणे, जुळवणे, रंग आणि आकार ओळखणे हे सारे शिकवता येई. ओळखीच्या वस्तूचे भय वाटत नाही आणि ती फुटल्यास कोणी रागावत नाही.

१९५७ मध्ये हे कार्य बोर्डीजवळच्या कोसबाड येथील टेकडीवर गेले. त्या वेळी ताराबाईंचे वय पासष्ट वर्षांचे होते. तेथे त्यांना आणखी एक गोष्ट कळून आली. भीती गेली, तरी सगळी मुले शाळेत येतातच असे नाही. काही मुलांना दिवसभर गुरे राखावी लागत. काही मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. गरिबीचा हा अडसर नुसत्या मायेने दूर होणारा नव्हता. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी मग शिक्षिका कुरणातच गेल्या. गुरे चरत असत आणि झाडाच्या सावलीत अभ्यास चाले. ही कुरणशाळा होय. भावंडे सांभाळणाऱ्या मुलींसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. धाकटे भावंड पाळण्यात निजे आणि ताई शेजारी बसून अक्षरे गिरवी. मूल शाळेत येत नाही, हा दोष मुलाचा मानण्याऐवजी शाळेत कोणता बदल केला पाहिजे, हे शोधणे ही ताराबाईंची रीत होती.

या सेवेबद्दल भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब देऊन गौरव केला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी १९९२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत नेटाने पुढे चालवले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. आरंभी ती देशातील ३३ ठिकाणी होती. पुढे ती सर्व देशभर पसरली. बालकांचे पोषण, आरोग्य आणि शिक्षण पाहणाऱ्या तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. शिक्षण हक्काचा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने शाळेत बालकाला मारण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली.

कायद्याने छडी गेली तरी टोचून बोलणे, चारचौघांत हसणे आणि चुकणाऱ्याला नावे ठेवणे ही छडीचीच रूपे आहेत. ती केवळ मोठ्यांच्या हाती असतात असेही नाही. वर्गातील सोबत्यांच्याही हाती असतात. फळ्यापुढे अडखळलेल्या मुलाला वर्ग हसला, तर ते मूल पुन्हा फळ्यापुढे जाताना कचरते. तोच वर्ग शांतपणे थांबला आणि शेजाऱ्याने त्याला हळूच मदत केली, तर ते दुसऱ्या दिवशी स्वतः होऊन हात वर करते. ताराबाईंनी अंगणात आणि कुरणात जे कार्य केले, त्याचा एवढा अंश कोणत्याही वर्गातील कोणत्याही मुलाला करता येण्यासारखा आहे.